संध्याकाळचा खडा

वहिनीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर नव्हता. दादा म्हणायचा, तिच्या अंगातच कोंबडा आहे. ती उठायची, गार पाण्याने तोंड धुवायची, खिडकीपाशी बसायची आणि दिवा जवळ ओढून तिच्या बोलाचं पान वाचायला घ्यायची. एकच पान. तेच पान तिने नोकरी सुटेपर्यंत रोज वाचलं, आणि रोज ते तिला नवं होतं.

हे नीट सांगायला हवं, कारण लांबून पाहणाऱ्याला बोलाचं काम फुकटचं वाटतं. ओठ हलवले, हात हलवला, झालं. मी जन्मभर मिठाच्या खाणीत टेकू लावले. ओंडका खांद्यावर घेऊन खाली उतरायचं, छताखाली उभा करायचा, पाचर ठोकायची. कोणाचा किती दम गेला आहे ते मला चालण्यावरून कळतं. वहिनी संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिची चाल ओंडके वाहिलेल्या माणसाची असायची. दिवसभरात तिने उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे तिचा जेवणाचा डबा.

बोल म्हणजे मंत्रच म्हणा, पण तो पाठ होत नाही. गाणं पाठ केलं की आपलं झालं, कितीही वेळा म्हणा, जात नाही. बोल एकदा म्हटला की गेला. डोक्यातून पुसला जातो, एक अक्षर मागे राहत नाही. परत हवा असेल तर परत पान घेऊन बसायचं, आणि तेही रात्रभर झोपून उठल्यावरच. जागं राहून शिणलेल्या डोक्यात तो शिरत नाही. दुपारी तेच पान उघडलं तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात. एका झोपेला एक भरणं. आमच्याकडे त्याला भरणंच म्हणतात.

राजधानीतले मोठे पंडित एका पहाटेत आठ-दहा बोल भरतात म्हणे. साध्या माणसाच्या डोक्यात एकाचीच जागा असते आणि त्या एकावर पोट चालतं. आमच्या रस्त्यावर दिवे लावणाऱ्याकडे उजेडाचा बोल होता. दवाखान्यातल्या बाईकडे रक्त थांबवण्याचा. वहिनीकडे थोप होता.

थोप म्हणजे पडणारी वस्तू आहे तिथे हवेत थोपवणं. त्याला तीन गोष्टी लागतात. तोंडाने बोल म्हणायचा, दोन्ही हात छातीसमोर आणायचे, आणि त्या हातांत कच्चा दोरा ताणून धरायचा. मग वस्तू थांबते. किती वेळ? म्हणणाऱ्याचा श्वास पुरेल तितका. श्वास आत घेतला की दोरा तुटतो आणि वस्तू सुटते. तोपर्यंत तिच्या वजनाचा वाटा म्हणणाऱ्याच्या छातीवर असतो. सगळं वजन नाही, नाहीतर खाणीचं छत थोपवणारा माणूस जागीच चिरडला असता. पण फासळ्यांना कळेल इतकं येतं. जगात भार कुठे नाहीसा होत नाही, तो फक्त एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. टेकूचंही तेच आहे, म्हणून मला हे समजायला जड गेलं नाही.

खाणीचा नियम होता की राखणदार असल्याशिवाय पाळी खाली जाणार नाही. वहिनी आमची राखणदार. बोगद्यात मधोमध एक मिठाचा जाड खांब न तोडता सोडला होता. त्याच्या बुडाशी तिची जागा. तिथून दोन्हीकडची कामं दिसायची. छत बोलायला लागलं, म्हणजे करकरायला लागलं, की तिने थोप म्हणायचा आणि आम्ही तिच्या एका श्वासात बाहेरच्या दालनात पळायचं. तिने शेवटी कसं निघायचं हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं, बोल भरलेला असतो तेव्हा कसं वाटतं. ती म्हणाली, तोंडात पाण्याची चूळ धरून दिवसभर वावरायचं, तसं. हळू बोलता येतं, हळू हसता येतं. ओरडलं, ठसका लागला, राग आला की चूळ सुटली.

यातून आमच्या घरात एक गंमत झाली होती. आमच्या आईचं आणि वहिनीचं पटत नसे. आईला सकाळी भांडायला आवडायचं. दूध का उतू गेलं, झाडू उभा का ठेवला, मागच्या वर्षी माहेरी जाताना विचारलं का नाही. वहिनी भरलेली असायची. ती ऐकून घ्यायची, डबा उचलायची आणि कामावर जायची. संध्याकाळी बोल उतरवून घरी आली, हातपाय धुतले, की आईसमोर बसायची आणि सकाळच्या एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायची. क्रम चुकायचा नाही. दादा म्हणायचा, आमच्याकडे भांडण आंबवून वाढतात.

बोल उतरवण्याचीही रीत होती. तो रात्रभर डोक्यात ठेवून झोपता येत नाही. झोपेत सुटला तर घरातलं काय हवेत लटकेल सांगता येत नाही. म्हणून पाळी संपली की सगळे खाणीच्या तोंडाशी जमायचे. मुकादम मिठाचा एक खडा उचलून वर फेकायचा आणि वहिनी थोप म्हणायची. खडा हवेत थांबायचा. दिवसभराचं मीठ अंगावर घेऊन आम्ही माना वर करून पाहायचो. तिने श्वास घेतला की खडा खाली पडायचा आणि आम्ही घरी निघायचो. आपण दिवसभर ज्या छताखाली वाकलो होतो, त्याखाली खरंच भरलेलं माणूस होतं, याची ती खात्री. एका हिवाळ्यात तिला खोकला झाला होता, तेव्हा खडा एकदा तसाच खाली पडला. मुकादमाने समजून घेतलं. पण त्या संध्याकाळी जो तो वळून वळून बोगद्याकडे पाहत घरी गेला.

दोरा दादा वळायचा. दादा पूर्वी मीठ फोडायला होता. हातगाडी पायावरून गेली आणि पाऊल कामातून गेलं, तेव्हापासून तो घरी बसून दोर वळायचा. बाजारात विकायचे दोर वेगळे. वहिनीचा दोरा तो रोज संध्याकाळी वेगळा वळायचा, पीळ सगळीकडे सारखा, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. तो तिच्या मनगटाला बांधून द्यायचा. एवढं झालं की त्याचा दिवस संपायचा.

आम्ही एका गोदामावरच्या खोलीत भाड्याने राहायचो. वर जायला बाहेरून लाकडी जिना होता. उभा, अरुंद, कठडा नसलेला. घरमालकाला कठड्याचं विचारलं की तो म्हणायचा, घर माझं, जिना माझा, पाय तुमचे. वहिनीने त्या जिन्याचाही उपयोग करून घेतला होता. सुट्टीच्या दिवशी ती एका श्वासात खालून वर आणि वरून खाली जायची, हातात भरलेली बादली घेऊन. श्वास वाढवायचा तर असाच वाढतो. मी एकदा करून पाहिलं आणि अर्ध्या पायऱ्यांवर बसलो. मी रोज ओंडके वाहणारा माणूस होतो.

एका सकाळी आईच्या हातून वरून पातेलं सुटलं. रिकामंच होतं, पण सगळ्या पायऱ्यांवर आपटत, गल्ली जागी करत खाली आलं. वहिनी खाली नळावर होती, भरलेली. तिने मान वळवून पातेल्याकडे पाहिलं. पातेलं तिच्या पायाशी येऊन थांबलं. तिने ते उचललं, पोचा पाहिला आणि धुवायला घेतलं. आई वरून म्हणाली, एवढी मोठी राखणदार, घरचं पातेलं वाचवता येत नाही. संध्याकाळी वहिनीने उत्तर दिलं. ते इथे सांगत नाही, आईला आवडलं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती गोष्ट घडली.

सकाळी धुकं होतं, पायऱ्या ओल्या होत्या. आई रोज उजाडताच खाली यायची. गल्लीत त्या वेळी ऊन आमच्या नळाशीच पहिलं पडायचं. तिथल्या दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारणं हा तिचा धंदा होता. डोळे अधू झाले होते, पण ऊन कुठे आहे ते तिला बरोबर कळायचं. मी जिन्याखाली बुटांचे बंद बांधत होतो. वहिनी नळावर भांडी घासत होती.

आईचा पाय वरच्याच पायरीवरून सुटला.

मला आधी आवाज आला, मग वहिनीचा शब्द. शब्द काय होता ते मला आठवत नाही, कोणालाच आठवत नाही. मी वर पाहिलं. आई जिन्याच्या मधोमध हवेत आडवी थांबली होती, एक हात पुढे, डोळे मिटलेले. तिची चप्पल मात्र थांबली नाही. ती एकेक पायरी उतरत माझ्याजवळ आली. थोप एकाच वस्तूला लागतो.

वहिनी ओल्या हातांत दोरा ताणून उभी होती. चेहरा लाल. तिला बोलता येत नव्हतं, तिने डोळ्यांनी मला वर ढकललं. मी धावलो, आईच्या काखेत हात घातले आणि पाय पायरीला रोवले. तेव्हा वहिनीने श्वास घेतला. आईचं वजन एकदम माझ्या हातांत आलं. आई हलकी होती, पण एकदम आलेलं हलकंही हात ओढतं.

आईने डोळे उघडले. "चप्पल कुठे गेली माझी?" ती म्हणाली.

मी तिला उचलून वर नेलं. खाली पाहिलं तर वहिनी शेवटच्या पायरीवर बसली होती. दोऱ्याचे दोन तुकडे मनगटाला लोंबत होते. तिने तोंड उघडलं, जीभ हलवली, काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"गेला," ती म्हणाली.

वर आम्ही चौघं बसलो. काय झालंय ते कोणाला समजावून सांगायला नको होतं. राखणदाराने बोल बाहेर खर्चला तर नोकरी गेली, पान परत. पान खाणीच्या मालकीचं होतं. दादाच्या दोरांवर घर चालत नव्हतं आणि माझ्या एकट्याच्या मजुरीवर चार तोंडं चालली नसती. शिवाय वहिनीला दुसरं काही येत नव्हतं. ज्याच्या डोक्यात एकाच बोलाची जागा असते त्याने ती जागा एकदाच निवडलेली असते.

दादाने मला विचारलं, "टेकू कसे आहेत?"

मी म्हणालो, चांगले आहेत. खरंच होते. आतल्या बाजूचे मी त्याच आठवड्यात बदलले होते.

मग आईने सांगितलं की कोणाला कळायचं कारण नाही. छत इतक्या वर्षांत पडलं नाही, ते आजच कशाला पडेल. खांबापाशी नेहमीसारखं बसायचं, आणि संध्याकाळी खडा फेकला की खोकला काढायचा. पूर्वी एकदा झालंच होतं. आईचं डोकं अशा वेळी फार चांगलं चालायचं. दादा नवा दोरा वळायला बसला होता, ज्याचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता.

वहिनी उठली. सकाळच्या वेळी तिचा मोकळा आवाज मी वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता. तो मला वाटला होता त्यापेक्षा जाड निघाला.

"खाली तुमचा धाकटा असतो, आई."

"मग त्याला आज घरी बसव."

"आणि बाकीच्यांच्या आयांना काय सांगू?"

आईने तोंड फिरवलं. वहिनीने सवयीने डबा उचलला आणि आम्ही दोघं निघालो. वाटेत ती सावकाश चालत होती, पण ओझं नसलेल्या माणसासारखी. ते मला बघवेना.

खाणीच्या तोंडाशी सगळे कंदील लावून तयार होते. आमचा मुकादम अंगाने जाड आणि आवाजाने घोगरा, त्याला सगळे घोगराच म्हणायचे. वहिनी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी आज रिकामी आहे.

घोगऱ्याने कंदील खाली ठेवला. "कशावर गेला?"

"सासूवर. जिन्यावरून पडत होती."

मग मागून तिखट म्हणाला, "पडू द्यायची की." तिखट मीठ फोडणारा, जिभेवरून त्याचं नाव पडलं होतं. सगळे हसले, वहिनीही हसली. मग एकेकाच्या लक्षात आलं की आजचा रोज बुडाला, आणि हसू विझलं.

खाणीचा कारभारी त्याच्या खोलीतून बाहेर आला. त्याला वर मालकाला उत्तर द्यायचं होतं, बंदरावर गाड्या थांबल्या होत्या. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं की जो आज राखणदाराशिवाय उतरेल त्याला दुप्पट रोज. मग माझ्याकडे वळला.

"टेकूवाल्या, छत कसं आहे?"

"काल ठीक होतं."

"मग?"

"मग काही नाही. मी जात नाही."

मी उतरलो नाही म्हणून कोणी अडलं नसतं. टेकू जागेवर होते. तिखटच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. तो दोन पावलं उताराकडे गेला आणि वळला. "दुप्पट रोज माझ्या हातात देणार, की घरी आणून देणार, ते आधी सांगा," तो म्हणाला. कोणी उतरलं नाही. लोक कंदील विझवून, पुटपुटत, वहिनीकडे न बघता घरी गेले. एकाने जाता जाता डबा दगडावर आपटला.

कारभाऱ्याने वहिनीला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत पान जमा करा.

त्या दिवशी छत पडलं नाही. एक ढेकूळही पडलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ही गोष्ट सांगणारे काहीजण शेवटी छत पाडतात.

गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली होती. संध्याकाळपर्यंत आईचं नाव महागडी पडलं. एका दिवसाच्या मिठाएवढी महाग सासू जगात दुसरी नाही, असं नळावरच्या बायका म्हणाल्या. आईने ते वरून ऐकलं आणि सगळा राग वहिनीवर काढला. वहिनी रिकामी होती. दोघी दिवसभर समोरासमोर भांडल्या, शिळं काहीच नाही, सगळं ताजं. घरात इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादा म्हणाला, नोकरी गेली तर हे रोजचं, आताच सवय करून घे.

शेवटी आई म्हणाली, "माझ्यासाठी केलंस असं काही नाही. सवयच लागलीय जिभेला. कोणीही पडलं असतं तरी म्हटलं असतंस."

"हो," वहिनी म्हणाली. "पातेलं पडलं असतं तरी म्हटलं असतं."

आईने पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ते तिने गिळलं. खुंटीवर पोचा आलेलं पातेलं लटकत होतं. आम्ही कोणी तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी साडेतीनलाच उठली. पान दुपारपर्यंत तिच्याकडे होतं. दुपारनंतर काय करायचं हे ती बोलली नव्हती, पण सकाळ तिची होती. तिने तोंड धुतलं, दिवा ओढला, वाचायला बसली. मी अंथरुणातून पाहत होतो. ओठ हलत नाहीत, फक्त डोळे ओळीवरून जातात आणि मधूनमधून परत मागे येतात. ती चुकत नव्हती. ती जागा नीट बसली की नाही ते पाहत होती, जसं आम्ही पाचर ठोकल्यावर टेकू हलवून पाहतो. उजाडलं तेव्हा ती उठली. चालीवरून कळलं की ती भरली आहे.

दादाने आदल्या सकाळी वळलेला दोरा तिच्या मनगटाला बांधला.

आईही उठली होती. ती दारात, वरच्या पायरीच्या आत, पाट टाकून बसली. "तू खाणीतून येईपर्यंत मी जिन्याला पाय लावत नाही," ती म्हणाली. "जा." वहिनी भरलेली होती. तिने आईच्या पायांवरून शाल नीट केली आणि खाली उतरली.

खाणीच्या तोंडाशी सगळे जमले होते. घोगऱ्याने विचारलं, "भरलीस?" तिने मान हलवली. घोगरा वाटेतून बाजूला झाला. ती आत गेली. कोणी हाललं नाही. मग तिखट पुढे झाला आणि तिच्या मागून ओरडला, सासूला घरी बांधून आलीस ना? वहिनीने मागे न बघता एक बोट वर केलं. म्हणजे उत्तर संध्याकाळी. लोक हसले आणि हसत हसत खाली उतरले. कालचं राखणदाराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, त्यामुळे आज तिच्या मानेच्या एका झोक्यावर लोक उतरायला तयार होते. असं कोणी बोलून दाखवलं नाही. मीच खाली जाताना तसा विचार केला.

कारभारी आला तेव्हा वर फक्त घोगरा होता. कारभाऱ्याने विचारलं, कोणाच्या हुकमाने? घोगरा म्हणाला, "उतरले." कारभाऱ्याने उताराकडे पाहिलं. पाळी वर बोलावली तर आणखी एक दिवस गेला, आणि नवा राखणदार यायला किती दिवस लागतील कोण जाणे. तो खोलीत गेला. दुपार झाली, दुपार गेली. पान कोणी मागितलं नाही.

संध्याकाळी आम्ही वर आलो. घोगऱ्याने खडा शोधायला वेळ लावला. शेवटी दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा निवडला. एवढा मोठा त्याने कधी फेकला नव्हता. कारभारी खिडकीत उभा होता. घोगऱ्याने गुडघे वाकवून खडा वर भिरकावला.

वहिनीने थोप म्हटला. खडा थांबला.

नेहमी ती थोडा वेळ धरून श्वास घ्यायची. खात्री झाली की पुरे. त्या दिवशी तिने धरून ठेवला. मावळतीचं ऊन खड्यातून आरपार जात होतं. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या, गुडघे थोडे वाकले, हात हलले नाहीत. मी माझाही श्वास धरला होता, तो कधीच सुटला. शेजारी तिखटचाही सुटलेला ऐकू आला. ती अजून धरूनच होती. सगळी पाळी, एकेकजण श्वास सोडत, उभी राहिली.

मग तिने श्वास घेतला. दोरा तुटला, खडा पडला आणि फुटला.

ती तिखटकडे वळली. "बांधावी लागली नाही," ती म्हणाली. "आपणहून बसलीय."

घोगरा म्हणाला, "बाई, आधी त्या जिन्याला कठडा लाव."

बोल बाहेर खर्चला तर नोकरी जाण्याचा नियम तसाच राहिला, पण कारभाऱ्याने तो विषय परत काढला नाही. तिखट मात्र पुढे बरीच वर्षं रोज सकाळी सासूची चौकशी करायचा.

घरमालकाने कठडा लावू दिला नाही. त्याच्या लाकडाला भोकं पाडलेली त्याला चालणार नव्हती. आईने शब्द पाळला. वहिनीच्या डोक्यात बोल असेपर्यंत ती खाली उतरली नाही. तिचं सकाळचं ऊन गेलं. दगडावर दुसऱ्याच बायका बसायला लागल्या. आई दारात पाटावर बसून वरूनच टोमणे मारायची, पण वरून टोमणा नीट लागत नाही, असं ती स्वतःच म्हणायची. संध्याकाळी खडा पडला, वहिनी घरी आली, की आई तिचा हात धरून खाली उतरायची. तेव्हा गल्लीत ऊन नसायचं. भांडण मात्र त्याच वेळी सुरू असायचं, पायरीगणिक एक मुद्दा.

वहिनी सुट्टीच्या दिवशी बादली घेऊन जिना चढत-उतरत राहिली. आम्ही कपडे उसवले की परत शिवले. दादाने दोर जास्त वळायला घेतले. माझं लग्न झालं, मी शेजारी खोली घेतली, पण टेकूच्या मजुरीतला वाटा त्या घरात जात राहिला. कशासाठी साठवतोय हे घरात कोणी बोलत नव्हतं, आईसमोर तर नाहीच.

खाणीत छतासाठी वहिनीला थोप कधी म्हणावा लागला नाही. लोक मला विचारतात, मग तिने एवढी वर्षं केलं काय? मी त्यांना म्हणतो, एखाद्या टेकूवर भार आला नाही म्हणून तो आम्ही काढून ठेवत नाही. त्यांना पटतं की नाही ते मी पाहत नाही.

घरमालक गेल्यावर त्याच्या मुलांना गोदाम आणि वरची खोली विकायची होती. गोदाम दोरवाल्यांनी घेतलं. वरची खोली आणि जिना वहिनीने घेतला. जिना वेगळा लिहून घेतला पाहिजे, असं तिने त्यांना सांगितलं. ते हसले, पण लिहून दिला.

कठडा मी लावला. खाणीतून टाकून दिलेले जुने टेकू मुकादमाकडून मागून आणले. मिठात मुरलेलं लाकूड किडत नाही. उभे खांब पायऱ्यांना खाच पाडून बसवले, पाचर मारली, प्रत्येक हलवून पाहिला. वरची आडवी पट्टी दादाने घासली. तो दिवसचे दिवस ती मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी तिच्यावरून रेशमाचा धागा ओढला तरी अडकला नसता.

बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन आलं. वहिनी खाली नळावर भांडी घासत होती, भरलेली, जिन्याकडे पाठ करून. आई दारातून उठली. पाट बाजूला केला. पट्टीवर हात ठेवला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी खाली बुटांचे बंद बांधत होतो, ते बांधतच राहिलो. आई एकेक पायरी उतरली. वहिनीने मान वळवली नाही. पातेलं घासत राहिली.

आई दगडापाशी आली. तिथे बसलेल्या बाईला उठवलं, स्वतः बसली, उन्हात पाय पसरले.

"खरखरीत आहे," ती म्हणाली. "हात सोलवटला माझा."

वहिनी भरलेली होती. उत्तर संध्याकाळी मिळालं.